हातातली विद्या आणि हातातला कागद

माझे मामा 17 वर्षे लष्कराच्या वैद्यकीय दलात नर्सिंग असिस्टंट होते. जिथे डॉक्टर हेलिकॉप्टरनेच यायचे अशा उंचावरच्या चौक्यांवर त्यांनी सलाइन लावले, जखमा शिवल्या, हिमदंशाने काळी पडलेली बोटे सांभाळली. पेन्शनवर सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतले तेव्हा त्यांचे वय 37 होते. तालुक्याच्या एका खासगी रुग्णालयात काम मागायला गेले, तर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी विचारण्यात आली. ती नव्हती. पुढची 20 वर्षे मामा एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. गावात रात्री-अपरात्री कुणाला काही झाले, की लोक मात्र त्यांच्याच दारात यायचे.

रुग्णालयाचे चुकले असे मला आजही वाटत नाही. नोंदणी ही रुग्णाच्या सुरक्षेसाठी असते. आपल्या माणसाला सुई टोचणारा कोण आहे, हे विचारायलाच हवे. मला प्रश्न पडला तो वेगळा. सरकारनेच शिकवलेली विद्या सरकारच्याच दुसऱ्या खात्याला वाचता येईल अशा भाषेत मांडून देण्याचे काम कुणाचे? या प्रश्नाचा माग काढताना मी अमेरिकेतल्या एका जुन्या प्रयोगापाशी पोहोचलो.

1960 च्या दशकात अमेरिकेत डॉक्टरांचा तुटवडा होता. नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. यूजीन स्टेड यांनी आधी अनुभवी परिचारिकांना पुढचे प्रशिक्षण द्यायचा प्रयत्न केला. त्या अभ्यासक्रमाला परिचर्या क्षेत्रातल्या संस्थेची मान्यता मिळाली नाही. मग त्यांचे लक्ष नौदलातून बाहेर पडलेल्या वैद्यकीय सहायकांकडे गेले. या मुलांनी जहाजांवर आणि छावण्यांत बरेच काही केलेले होते. नागरी जगात त्या कामाला नावच नव्हते. 1965 मध्ये अशा चौघांना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. 1967 मध्ये त्यांतले तिघे उत्तीर्ण झाले, आणि ‘फिजिशियन असिस्टंट’ हा व्यवसाय जन्माला आला.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्टेड यांनी सैनिकांना कागद फुकट दिला नाही. युद्धातली जखम बांधता येते म्हणून मधुमेहाचा म्हातारा रुग्ण सांभाळता येईलच असे नाही. कोणती विद्या हातात आहे आणि कोणती नाही हे पाहून उणे होते तेवढे शिकवले गेले. 1969 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी हीच वाट आणखी आखूड केली. तीन महिने वर्गात आणि मग 12 महिने डॉक्टरच्या हाताखाली प्रत्यक्ष काम, तेही मुख्यतः डॉक्टर कमी असलेल्या भागांत. कायदा मागून आला. नॉर्थ कॅरोलिनाने 1971 मध्ये कायद्यात बदल करून अशा सहायकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करण्याची मुभा दिली, आणि 1973 मध्ये पहिली राष्ट्रीय परीक्षा झाली. आज अमेरिकेत या व्यवसायात दीड लाखाहून अधिक लोक आहेत.

पुढे अमेरिकी लष्कराने आणखी एक पायरी घातली. सैनिकाच्या प्रत्येक कामाला कोणता नागरी परवाना किंवा प्रमाणपत्र जवळचे आहे, त्यासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते, कुठे काय कमी पडते, याची सूची त्यांनी तयार केली. ती सैनिकाला नोकरीत असतानाच पाहता येते आणि परीक्षेच्या शुल्कालाही मदत मिळते.

आपल्याकडे काहीच नाही असे नव्हे. आपल्या तिन्ही दलांतून दरवर्षी साधारण 60 हजार सैनिक निवृत्त होतात, त्यांतले बरेचसे ऐन चाळिशीच्या आत-बाहेर. पुनर्वसन महासंचालनालय त्यांच्यासाठी अभ्यासक्रम चालवते. शिवाय दहावी उत्तीर्ण आणि 15 वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या ‘गट क’मधील राखीव पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने पात्र धरता येते. मात्र या सवलतीची अट वाचली आणि मी थबकलो. ती मुख्यतः तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव अत्यावश्यक नसलेल्या पदांसाठी आहे. म्हणजे जिथे मामांच्या हातातल्या विद्येची गरज नाही, तिथेच हा कागद चालतो.

फिजिशियन असिस्टंटचा व्यवसाय आपल्याकडेही आला. 1992 मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी चेन्नईत त्याचे शिक्षण सुरू केले, आणि 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात त्याची नोंद झाली. पण आपल्याकडे तो रुजला बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रम म्हणून. ज्या सैनिकांमुळे तो मुळात उभा राहिला, त्यांच्यासाठीचे दार वाटेत कुठेतरी मागे राहिले.

हा प्रश्न आता आणखी निकडीचा झाला आहे. 2022 च्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होतात. बाकीचे पंचविशीच्या आसपास घरी परततात. त्यांच्यासाठी इग्नूने तीन वर्षांची पदवी आखली असून, तिचे निम्मे श्रेयांक सेवेतल्या कौशल्य प्रशिक्षणाचे धरले जातात. हे स्वागतार्ह आहे. मात्र पदवी वेगळी आणि परवाना वेगळा. वायरमनला परवाना लागतो, जड वाहनाच्या चालकाला वेगळा, परिचारकाला कौन्सिलची नोंदणी. पदवीने यांतले एकही दार आपोआप उघडत नाही.

म्हणून ड्यूकचा धडा मला आजही उपयोगाचा वाटतो. सरसकट समकक्षता देऊन भागत नाही आणि पहिल्या इयत्तेपासून पुन्हा बसवणेही अन्यायाचे आहे. लष्करातला प्रत्येक हुद्दा आणि त्याच्या जवळचा नागरी परवाना शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, मधले अंतर मोजावे, आणि तेवढेच शिकवून परीक्षा घ्यावी. तीही वर्दी अंगावर असताना, कारण घरी परतल्यावर पोटाची घाई असते.

मामांच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचे डिस्चार्ज बुक अजून आहे. त्यात वर्तणुकीचा शेरा आहे, ‘उत्तम’ असा. त्यांना काय काय येत होते, हे मात्र गावाला विचारावे लागते.