थीम आधी खेळाची, मग सजावटीची

वाढदिवसाची थीम सजावटीवरून नव्हे, खेळावरून ठरवावी. १ जुलै २०२२पासून देशभरात फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, सजावटीचे थर्माकोल, प्लास्टिकच्या ताटल्या-पेले-स्ट्रॉ आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर यांवर बंदी आहे; म्हणजे थीमची नेहमीची बरीचशी खरेदी कायद्यातच बसत नाही (दुकानात ती सर्रास मिळते, हा भाग वेगळा). मग थीम दिसणार कशी, असं कोणी विचारेल. पण फुग्यांच्या कमानीसमोर मुलं फोटोपुरतीच थांबतात; ‘जंगल’ त्यांना भेटतं ते चिठ्ठ्यांच्या मागावर लपलेला वाघ शोधताना. पुठ्ठ्याचे मुखवटे तिथेच रंगवायला दिले, तर सजावटही होते आणि सगळे जमेपर्यंतचा अवघड वेळही सरतो. फुगे हवेतच, तर फुटलेले तुकडे लगेच उचलावेत; लहानग्यांच्या घशात ते अडकतात.