पिवळ्या पानाचं खरं कारण

संत्र्याचे शेंडे वाळू लागले, पानं पिवळी पडली, की कारणांची ठरलेली यादी पुढे यायची: जमीन चोपण, पाणी साचलं, जस्त कमी पडलं, मशागत चुकली. बागायतदार सल काढत राहिला, खतं देत राहिला आणि बाग हातची जात राहिली. ही कारणं अनेक बागांत खरीही होती. म्हणूनच 'ग्रीनिंग' हा रोग त्यांच्याआड इतकी वर्षं लपून राहिला.

पहिला धागा चीनमध्ये सापडला. हा रोग कलमातून पसरतो, हे लिन कुंग-श्यांग यांनी १९५६ मध्ये दाखवलं. भारतातल्या शेंडेमरीमागे ग्रीनिंगच असावा, असं ऑस्ट्रेलियाच्या लिलियन फ्रेझर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी पुण्यात विषाणूंवर काम करणारे कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी त्याचा वाहक जाहीर केला: कोवळ्या पालवीतला रस शोषणारी इवलीशी सिट्रस सायला ही कीड.

रोग विषाणूचा आहे, असाच तेव्हा समज होता. फ्रान्सच्या लाफ्लेश आणि बोवे यांना १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या अन्नवाहिन्यांत वेगळेच सूक्ष्मजीव दिसले. ते जिवाणू असल्याचं पुढे स्पष्ट झालं आणि १९९४ मध्ये त्यांना 'लिबेरोबॅक्टर' (पुढे 'लिबेरिबॅक्टर') हे नाव मिळालं. निदानासाठी पूर्वी संशयित झाडाचा डोळा निरोगी रोपावर बांधून लक्षणांसाठी महिनोन्महिने थांबावं लागे. जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीने ते काम काही तासांवर आणलं. तरीही जिवाणू झाडभर सारखा पसरलेला नसतो, त्यामुळे नमुना कुठल्या फांदीचा घेतला, याला महत्त्व आहेच.

बागेतली पहिली पारख मात्र आजही डोळ्यांचीच. पान मधल्या शिरेवर दुमडून दोन्ही भाग ताडून पाहावेत. जस्ताच्या कमतरतेत शिरांमधला पिवळेपणा दोन्हीकडे सारखा असतो. ग्रीनिंगचे डाग एकीकडे एक, दुसरीकडे भलतेच. फळ एका अंगाला कलतं, बिया पोचट राहतात, देठाकडे रंग चढला तरी बूड हिरवंच राहतं. बुंध्यातून डिंक ओघळत असेल, तर मुळांशी माती उकरावी. तिथे फायटोफ्थोरा बुरशीची शक्यता जास्त.

ग्रीनिंग झालेलं झाड पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. म्हणून बागायतदारांना कळकळीचं सांगणं आहे: निदान झाल्याशिवाय फवारणी करू नका, आणि तपासलेल्या मातृवृक्षाचंच कलम लावा.