जुनी जीपगाडी व तिचा खर्चवेंच

बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, चालवून पाहतों, आणि एवढें करूनही गांवचा एखादा जाणता मनुष्य बरोबर असल्याशिवाय इसार देत नाहीं. तोच शेतकरी तीन लाखांची जुनी जीपगाडी घेतांना रंग पाहतो, भोंगा वाजवून पाहतो आणि कागदावर सही करून मोकळा होतो. पुढें वर्षा-दोन वर्षांनीं "गाडीनें खाल्लें" अशी तक्रार कानीं येते. गाडीनें खाल्लें हें खरें. पण काय खाल्लें, केव्हां खाल्लें व त्यांतील किती टळण्याजोगें होतें, ह्याचा हिशेब बहुतेक घरीं सांपडत नाहीं. ऊंस व द्राक्ष यांची खर्चवही ठेवणाऱ्या घरांतही गाडीची वही नसते, हें नवल आहे.

ह्या जातीच्या गाडीशीं आपला परिचय आजचा नव्हे. १९४५ सालीं निघालेल्या महिंद्र आणि महंमद कंपनीनें १९४७ सालीं मुंबईंत विलीज जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. पुढल्याच वर्षीं कंपनीचें नांव महिंद्र अँड महिंद्र असें झालें. त्याच घराण्यांतील बोलेरो २००० सालीं व स्कॉर्पिओ २००२ सालीं बाजारांत आली. शहरी लोक आतां ह्यांस एसयूव्ही म्हणतात. बांधणी पाहावी तर ट्रकचीच : खालीं शिडीच्या आकाराची पोलादी चेसिस व तिजवर बोल्टांनीं बसविलेली बॉडी, बोलेरोस मागच्या बाजूला पाटे. दरवाजा, मडगार्ड, पाटे, क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर हें सर्व तालुक्याच्या गांवीं मिळतें व तेथला मिस्त्री तें बसवूं शकतो. ह्या सोयीमुळेंच जुनी जीप आपल्यास परवडते, आणि ह्या सोयीमुळेंच पुष्कळ लोक फसतात. कारण सगळेंच बदलतां येतें असा त्यांचा समज होतो.

प्रथम हिशेब पाहूं. खालील आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकानें त्या जागीं आपले घालावे. समजा, दहा लाखांची नवी गाडी घेतली व आठ वर्षांनीं ती चार लाखांस विकली. किंमत उतरली सहा लाख, म्हणजे वर्षास ७५,००० रुपये. गुंतलेल्या रकमेची सरासरी सात लाख; तीवर शेंकडा आठ दरानें व्याज ५६,०००. एकूण १,३१,०००. आतां जुनी गाडी तीन लाखांस घेतली व पांच वर्षांनीं दीड लाखास विकली. उतार वर्षास ३०,००० आणि सव्वादोन लाखांवरील व्याज १८,००० मिळून ४८,०००. दोहोंत फरक ८३,००० रुपयांचा. जुन्या गाडीचा सारा डाव ह्या ८३,००० रुपयांत आहे. ही रक्कम नफा म्हणून धरूं नये. ती दुरुस्तीची अनामत आहे. त्यांतील निदान अर्धी रक्कम दर वर्षीं निराळ्या खात्यांत टाकावी असें आमचें मत आहे. ज्यानें ती लग्नकार्यांत किंवा ठिबकच्या नळ्यांत घातली, त्याजवर डिझेलपंप बिघडल्या दिवशीं उसनवारीची पाळी येते, आणि दोष मात्र गाडीच्या वांट्यास जातो.

खोळंब्याचा दिवसही ह्या वहींत लिहिला पाहिजे. तोडणीच्या हंगामांत गाडी दोन दिवस मिस्त्रीच्या दारांत उभी राहिली, तर मजूर आणण्यास दुसऱ्याची गाडी भाड्यानें आणावी लागते. तें भाडें बिलांत दिसत नाहीं, म्हणून तें नव्हतेंच असें आपण समजतों.

आतां परीक्षेकडे वळूं. जुन्या गाडीचें इंजिन हें तिचें मर्मस्थान आहे अशी सार्वत्रिक समजूत आहे. आमच्या मतें मर्मस्थान चेसिस होय. इंजिन उतरवून पुन्हां बांधतां येतें. त्यास खर्च मोठा, पण त्या खर्चास मर्यादा असते. चेसिसला आंतून गंज लागला, तर वरून पट्टी मारून वेल्डिंग केलेली जागा भार घेईलच असा भरंवसा कोणी देऊं शकत नाहीं. म्हणून गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर चढवून, हातांत छोटी हातोडी व विजेरी घेऊन खालून पाहावी. मागच्या पाट्यांच्या शॅकलपाशीं, बॉडीच्या बोल्टांभोंवतीं, चिखल सांठतो त्या कोपऱ्यांत ठोकून पाहावें. घट्ट पोलादाचा आवाज खणखणीत येतो. गंजलेल्या जागीं तो बद येतो. खालच्या बाजूस नवा काळा रंग दाट फांसलेला दिसल्यास अधिक संशय धरावा.

हा गंज किनारपट्टींतील खाऱ्या हवेनें जितका होतो, तितकाच आपल्या स्वतःच्या हातानेंही होतो. आपण मागच्या हौद्यांत खताचीं पोतीं टाकतों. तांबडें पोटॅश म्हणून जें मिळतें तें रसायनाच्या दृष्टीनें पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचेंच भावंड होय. पोत्यांतून सांडलेली भुकटी हवेंतील ओल धरते आणि पत्र्याच्या सांध्यांतून खालीं उतरते. युरियाही ओल ओढणारा आहे. खत वाहिल्या दिवशींच हौदा झाडून, धुऊन, दारें उघडीं ठेवून वाळवावा. खालीं जाड ताडपत्री अंथरली तर फारच उत्तम. ह्या कामास अर्धा तास लागतो व पैसा लागत नाहीं. म्हणूनच तें होत नसावें!

इंजिनांत मात्र जुनें व त्याहून जुनें असा भेद केला पाहिजे. आरंभींच्या गाड्यांतील डिझेलपंप केवळ यंत्रावर चालणारा. तो उतरवून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गांवीं कसोटी-यंत्रावर लावून आणतां येतो. त्यानंतरच्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत डिझेल हवेच्या दाबाच्या हजारपटींहून अधिक दाबानें नोझलांत येतें, व कारभार संगणकाच्या हातीं असतो. धूर कमी, ओढ चांगली, डिझेलही कमी लागतें; परंतु डिझेलांतील पाण्याचा थेंब ह्या इंजिनास विषासारखा. ट्रॅक्टरसाठीं घरीं पिंपांत डिझेल सांठविण्याची आपली वहिवाट आहे. रात्रीच्या गारव्यानें पिंपाच्या आंत दंव धरतें व तें तळाशीं बसतें. तें डिझेल अशा गाडींत ओतूं नये. ओतणेंच झालें तर तळचें चार बोटें तसेंच राहूं द्यावें. फिल्टरच्या खालचा पाणी काढण्याचा नळ पावसाळ्यांत दर महिन्यास सोडावा. फिल्टर शेंकड्यांत मिळतो, नोझल हजारोंत.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ चे नियम लागू झाले. त्यापुढील डिझेल गाड्यांच्या धुराड्यांत काजळी धरणारी जाळी असते. ती जाळी स्वतःस जाळून साफ करते, परंतु त्यासाठीं गाडी कांहीं वेळ सलग वेगानें चालावी लागते. घर ते मळा, मळा ते दूधकेंद्र एवढीच जिची फेरी, अशा गाडीची जाळी तुंबते. अशी गाडी आतां जुन्या बाजारांत येऊं लागली आहे. ती घेणारानें आठवड्यांतून एकदां तरी तिला मोठ्या सडकेवर लांब न्यावी. तें होणार नसेल तर बीएस-४ ची, म्हणजे मार्च २०२० पूर्वींची, गाडी पाहावी.

पाण्याच्या बाबतींत आम्ही स्वतः ठेंच खाल्लेली आहे, ती सांगतों. आमची वस्ती संगमनेर तालुक्याच्या पठार भागांत. एका एप्रिलांत बोअरचा पंप जळला. तो संगमनेरास नेऊन भरून घेतला व जीपमध्यें टाकून परत निघालों. इकडे डाळिंबाची बाग पाण्यावांचून तिसऱ्या दिवसांत होती. चंदनापुरीच्या घाटांत रेडिएटरची वरची नळी फुटली. उष्णतेचा कांटा वर्षभर बंद होता, "पुढें पाहूं" म्हणून आम्हीच ठेवलेला; त्यामुळें इंजिन तापल्याचें समजलें तें वाफ दिसली तेव्हां. बागेच्या काळजीनें तशीच आणखी चढण चढविली. हेड वांकलें, गॅस्केट गेलें. नळीची किंमत साडेतीनशें रुपये. बिल झालें एकतीस हजार. पंप टेंपोनें मळ्यावर पोंचण्यास दुसरा दिवस उजाडला, व बागेची बरीच फुलें गळालीं. त्यांची किंमत आम्ही वहींत लिहिली नाहीं, कारण लिहिण्याचा धीर झाला नाहीं.

मिस्त्रीनें रेडिएटर उघडून दाखविला तेव्हां आंत पांढरे क्षार चुन्यासारखे बसलेले. विहिरीचें व बोअरचें पाणी आम्ही वर्षानुवर्षें त्यांत ओतीत होतों. चहाच्या पातेल्यास जो थर धरतो तोच तेथेंही धरतो. रेडिएटरांत शुद्ध पाणी व कूलंट ठरलेल्या प्रमाणांत घालावें, गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या मुदतीनें बदलावें, आणि रबरी नळ्या बोटांनीं दाबून कडक किंवा फुगलेल्या लागल्यास फुटण्याची वाट पाहूं नये.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषतें. दोन वर्षांनीं तें बदलावें, नाहींतर लांब उतरणीवर तापून ब्रेक बसत नाहीं. टायरवर चार आंकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. नक्षी शाबूत असली तरी साल पाहून किंमत करावी. दात्यांच्या पट्ट्यावर चालणारें इंजिन असल्यास तो पट्टा कधीं बदलला हें विक्रेत्यास विचारावें, व उत्तर तोंडी मिळाल्यास पट्ट्याचा खर्च किंमतींतून वजा करावा. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसांस व पाट्यांच्या पिनांस ग्रीस द्यावें; ओढ्यांतून गाडी घातली असेल तर त्याच आठवड्यांत द्यावें.

कागदांकडे आपले लोक शेवटीं पाहतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें दर पांच वर्षांनीं ती नवी करावी लागते. हलक्या मोटारीसाठीं ही फी पूर्वीं सहाशें रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती पांच हजार झाली, आणि वीस वर्षांवरील गाडीसाठीं ऑगस्ट २०२५ मध्यें दहा हजार करण्यांत आली. शिवाय महाराष्ट्रांत पर्यावरण कर आहे. म्हणून चौदा वर्षांची गाडी "एक वर्ष कागद चालू" ह्या शब्दांवर घेतांना हा खर्च आधींच मांडावा. विम्यांतही एक बारकावा आहे. १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणें त्रयस्थाच्या नुकसानीचा सक्तीचा विमा १,५०० घनसेंटिमीटरांवरील इंजिनास वर्षास ७,८९७ रुपये, तर १,००० ते १,५०० पर्यंतच्या इंजिनास ३,४१६ रुपये ठरला, कर निराळा. जुन्या बोलेरोचें इंजिन २,५२३ घनसेंटिमीटरांचें, व २०१६ पासून आलेल्या लहान इंजिनाच्या बोलेरोचें १,४९३ चें. केवळ ह्या एका बाबींत वर्षास ४,४८१ रुपयांचें अंतर पडतें.

दिल्लीकडून आलेल्या स्वस्त डिझेल गाड्यांविषयीं वाचक विचारतात. हरित न्यायाधिकरणाच्या २०१५ सालच्या आदेशानंतर तेथें दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस बंदी आली, व त्या गाड्या इतर प्रांतांत पडत्या किंमतीस जाऊं लागल्या. गाडी चांगली असूं शकेल. परंतु तिकडील कचेरीचा ना-हरकत दाखला हातीं आल्याशिवाय पैसे देऊं नयेत, आणि येथें पुन्हां नोंदणी करतांना भरावयाचा कर किंमतींत मिळवून मगच भाव ठरवावा.

शेवटीं गाडी सोडावी केव्हां? चेसिस सडली तर लगेच, मग इंजिन कितीही गोड वाजत असो. चेसिस शाबूत असेल, तर वर मांडलेल्या फरकाची रक्कम लागोपाठ दोन वर्षें दुरुस्तींत संपली म्हणजे. एखाद्या वर्षीं इंजिन बांधलें म्हणून खर्च फुगला, तर घाबरून विकूं नये. तो खर्च पुढल्या चार-पांच वर्षांवर वांटून पाहावा. इंजिन नुकतेंच बांधलेली गाडी विकणारा मनुष्य आपला पैसा दुसऱ्याच्या दारांत नेऊन ठेवतो. मोडीत काढावयाची असल्यास ती भंगारवाल्यास तशीच देऊं नये. सरकारमान्य मोड केंद्रांत दिल्यास दाखला मिळतो. त्यावर नव्या गाडीची नोंदणी-फी माफ होण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. त्याच वेळीं परिवहन कचेरींत जुनी नोंदणी रद्द करून घ्यावी. ती राहिली तर गाडी कागदोपत्रीं आपल्याच नांवावर राहते.