डब्लिनहून रोजचे ऐंशी मैल: इलेक्ट्रिक गाडी पुरेल का?



आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत, मराठी शाळेच्या बाहेर मुलांची वाट बघताना, कुठेही चार जण भेटले की हा प्रश्न निघतोच. ‘आम्ही राहतो डब्लिनला, ऑफिस माउंटन व्ह्यूला. इलेक्ट्रिक गाडी घेतली तर पुरेल का? संध्याकाळी सहाच्या आत डेकेअरला पोहोचायचं असतं, मध्येच बॅटरी संपली तर काय?’ प्रश्न साधा आहे, पण त्यावर तीस-चाळीस हजार डॉलर आणि रोजची संध्याकाळ अवलंबून आहे. म्हणून आज जरा सावकाश हिशेब करू. वही-पेन्सिल जवळ असेल तर उत्तम.

आधी अंतर. डब्लिनहून ६८० ने सुनोलचा चढ ओलांडून, मिलपिटसवरून २३७ ने माउंटन व्ह्यू म्हणजे एका बाजूने सुमारे ३६ मैल. जाऊन-येऊन ७२. त्यात डेकेअर, भाजी, पोरांचा पोहण्याचा क्लास धरा. म्हणजे रोजचे ८० मैल. सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. डब्लिनला १९९७ पासून बार्ट आहे, त्यामुळे गाडी स्टेशनपर्यंतच न्यायची असेल तर कुठलीही इलेक्ट्रिक गाडी पुरेल. आजचा हिशेब दक्षिणेकडे रोज गाडी हाणणाऱ्यांसाठी आहे.

आता गाडीच्या काचेवर चिकटवलेला रेंजचा आकडा. हा आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या रस्त्याचाही नसतो. इथल्या सरकारी चाचणीत शहरातलं आणि हायवेचं चालवणं एकत्र धरतात. त्यातल्या मूळ हायवे चाचणीचा सरासरी वेग ताशी ४८ मैलांच्या आसपास असतो आणि कमाल वेग ६०. चाचणीचे आकडे नंतर कमी करून छापतात हे खरं, पण सकाळी साडेसहाला ६८० मोकळा असतो तेव्हा आपण ७० ते ७५ ने जातो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६५ ऐवजी ७५ ने गेलात, तर नुसत्या वाऱ्याशी झगडायला दर मैलाला साधारण एक-तृतीयांश जास्त ऊर्जा लागते.

भारतातल्या नातेवाइकांशी फोनवर तुलना करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तिकडे रेंजचा आकडा येतो पुण्याच्या एआरएआयच्या प्रमाणपत्रातून आणि ती चाचणी आणखी उदार आहे. २०२० साली टाटा नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा तिचा आकडा ३१२ किलोमीटर होता. रस्त्यावर लोकांना त्याहून बराच कमी मिळाला. तेव्हा पुण्याचा भाऊ म्हणतो तो आकडा आणि डब्लिनच्या शोरूममधला आकडा एका तराजूत घालू नका.

(छोटी धून)

चला, एक गाडी समोर ठेवू. २०२२ ची शेव्ही बोल्ट घ्या: बॅटरी ६५ किलोवॉट-तासांची, म्हणजे आपल्या घरगुती भाषेत ६५ युनिट, आणि छापील रेंज २५९ मैल. पहिली वजाबाकी: बॅटरी जास्त टिकावी म्हणून बऱ्याच कंपन्या रोज ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करा असं सुचवतात. (काही गाड्यांत लोह-फॉस्फेट बॅटरी असते, तिला पूर्ण चार्ज चालतो, आपलं पुस्तक बघा.) म्हणजे सकाळी हातात ५२ युनिट. दुसरी वजाबाकी: जानेवारीतली पाच अंशांची सकाळ, पाऊस, हीटर, हायवेचा वेग. एका युनिटला तीनच मैल धरा. झाले १५६ मैल. तिसरी वजाबाकी: काही वर्षांनी बॅटरी थोडी आटते. पंधरा टक्के धरू. उरले साधारण १३०. चौथी: अपघातामुळे रस्ता बंद, वळसा घ्यावा लागला, यासाठी ३० मैल राखून ठेवा. हाती राहिले १००.

तुमची गरज ८०. जमतं, पण २५९ ऐकून वाटलं होतं तितकं ऐसपैस नाही. हेच गणित १५१ मैल छापील रेंजच्या २०१८ च्या निसान लीफला लावा. जुनी म्हणून स्वस्तात मिळते, मोह होतो. पण याच वजाबाक्या करत गेलात तर राखीव मैल धरण्याआधीच ७७ उरतात. शिवाय त्या लीफच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नाही आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. गावातल्या गावात फिरायला ती छान आहे. माउंटन व्ह्यूसाठी नको.

आता दोन भीती, ज्या वाटतात तेवढ्या मोठ्या नाहीत. पहिली, ट्रॅफिकची. गाडी तासभर उभी राहिली तरी इंजिन जळत नसतं. एसी किंवा हीटर तासाला साधारण एक-दोन युनिट खाईल, म्हणजे तीन ते सहा मैल. उलट हळू चालताना मैलामागे वीज कमी लागते. दुसरी भीती, चढाची. डब्लिन समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० फूट, अल्टामाँटची खिंड सुमारे १,००० फूट. अठराशे किलोची गाडी एवढी वर चढवायला अंदाजे एक युनिट लागतं आणि उतरताना ब्रेकमधून त्यातलं काही परतही मिळतं. सुनोलचा चढ तर याहून लहान. खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढायलासुद्धा तीन युनिटांच्या आतच जादा खर्च होईल. आपल्या रस्त्यावर बॅटरी संपते ती घाटापेक्षा वेगाने आणि थंडीने.

पण मंडळी, रेंजपेक्षाही मोठा प्रश्न पुढेच आहे: रात्री गाडी कुठे उभी राहते?

घरातल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर दहा तासांत बॅटरीत साधारण १२ युनिट जातात. हिवाळ्यात रोज खर्च होतात २७. सोमवारी सकाळी ५२ ने निघालात, संध्याकाळी २५ उरले, रात्री ३७ झाले. मंगळवारी १० वर घरी आलात, रात्री २२ झाले. बुधवारी तुम्ही घरी पोहोचत नाही. डेकेअरवाल्या बाई घड्याळाकडे बघत बसतील! हेच ऑफिस सोमवार, बुधवार, शुक्रवार असं एक दिवसाआड असेल, तर साधा प्लगही चालून जातो. करून बघा हिशेब. रोज जायचं असेल तर २४० व्होल्टची जोडणी हवी, नाहीतर ऑफिसात खात्रीचा चार्जर. २४० वर ३२ अँपिअरचा चार्जर तासाला सात युनिटांहून जास्त देतो, म्हणजे चार-पाच तासांत दिवसाचा खर्च भरून निघतो. जुन्या घरात आधी इलेक्ट्रिशियनकडून पॅनेलची क्षमता तपासून घ्या.

टाउनहोममध्ये राहत असाल आणि एचओए कुरकुर करत असेल, तर कॅलिफोर्नियाच्या नागरी संहितेचं कलम ४७४५ वाचा. तुमच्या पार्किंगच्या जागेत चार्जर बसवायला ते अवास्तव आडकाठी करू शकत नाहीत. भाडेकरूंसाठी कलम १९४७.६ आहे, काही अपवाद सोडले तर घरमालकाला लेखी परवानगी मागता येते, खर्च मात्र आपला.

आता पैसे. समजा रात्रीची वीज ३० सेंट युनिट पडते. ८० मैलांना वर्षाच्या सरासरीने, चार्जिंगमधली गळती धरून, २५ युनिट: साडेसात डॉलर. पेट्रोल पावणेपाच डॉलर गॅलन धरलं, तर तीस मैल देणारी गाडी पावणेतेरा डॉलर घेते. पण पन्नास मैल देणारी हायब्रिड? तीही साडेसात डॉलरच्या आसपास! आणि तुम्ही रोज रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर ५५ सेंटने भरत असाल, तर खर्च पावणेचौदा डॉलर, पेट्रोलपेक्षाही महाग. तेव्हा आपल्या बिलावरचा दर घाला आणि मग बोला. गाडी मध्यरात्रीनंतर चार्ज होईल असं टायमर लावा. दुपारी चार ते रात्री नऊ वीज सगळ्यात महाग असते.

जुन्या दोन आकर्षणांचं काय? केंद्राची साडेसात हजारांची करसवलत आणि एकट्याने कारपूल लेनमधून जाऊ देणारं स्टिकर, दोन्ही ३० सप्टेंबर २०२५ ला संपलं. आता ६८० च्या एक्सप्रेस लेनमधून लवकर घरी यायचं असेल, तर टोल भरा किंवा शेजाऱ्याला बरोबर घ्या. डब्लिनहून त्याच दिशेला जाणारा मराठी माणूस सापडणं काही कठीण नाही!

शेवटची गोष्ट वॉरंटीची. बॅटरीला सहसा आठ वर्षं किंवा एक लाख मैल, जे आधी होईल ते. रोज ८० मैल, वर्षाचे २४० दिवस म्हणजे १९,२०० मैल, शिवाय शनिवार-रविवार. लाख मैल साडेचार वर्षांतच भरतील. आठ वर्षांच्या भरवशावर राहू नका, आणि जुनी गाडी घेताना वर्षांपेक्षा मैल आधी बघा.

तर मग उत्तर काय? घरी किंवा ऑफिसात चार्जर पक्का असेल आणि छापील रेंज अडीचशे मैलांच्या वर असेल, तर डब्लिनहून रोजचे ८० मैल निर्धास्त करा. चार्जरची सोय नसेल आणि रोज जायचं असेल, तर आज तरी हायब्रिड घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

या आठवड्यात एवढंच करा: सोमवार ते शुक्रवार रोज रात्री मीटरवरचे मैल लिहून ठेवा, गॅरेजमध्ये प्लग कुठे आहे ते बघा आणि विजेच्या बिलावरचा रात्रीचा दर शोधा. हे तीन आकडे घेऊन मगच शोरूमची पायरी चढा.

जपून चालवा, वेळेवर घरी या. पुन्हा भेटूच. नमस्कार!