ध्वनिवर्धकाचे दोन पहारेकरी

मोठ्या ध्वनिवर्धकाचें, म्हणजे अँप्लिफायरचें, बटण दाबल्यावर गाणें लगेच सुरू होत नाहीं, हें आपल्यापैकीं पुष्कळांच्या लक्षांत आलें असेल. दोनचार सेकंद शांततेंत जातात, पेटींतून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि मग सूर कानीं पडतात. कित्येकांस हा यंत्राचा आळस वाटतो. वस्तुतः तेवढ्या अवधींत दोन पहारेकरी आपापलें काम उरकीत असतात.

पहिला उभा असतो घरांतील वीज यंत्रांत शिरते त्या दाराशीं. आंत प्रथम ट्रान्स्फॉर्मर आणि त्याच्यापुढें वीज सांठविणारे मोठमोठे कपॅसिटर अशी मांडणी असते. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणीं उघड्या तारेला तार जोडल्यासारखाच वागतो. ट्रान्स्फॉर्मरचें लोखंडहि नको त्या क्षणीं वीज मिळाल्यास चुंबकत्वानें तुडुंब भरतें, आणि मग प्रवाहाला अडविण्यास तांब्याच्या वेटोळ्याचा अल्पसा रोध तेवढा उरतो. आपल्याकडील २३० व्होल्ट दाबाचें शिखर सुमारें ३२५ व्होल्टांवर असतें. वेटोळ्याचा रोध २ ओहम धरला, तर हिशेबानें १६० अँपिअरांहून अधिक प्रवाह निघतो! घरांतील तारांच्या रोधामुळें प्रत्यक्षांत तो कांहींसा उतरतो. पण दिवे मिचकावण्यास आणि फ्यूज वितळण्यास तो पुरेसा होतो.

यांतील गंमत अशी, कीं विजेचा दाब शून्यावर असतांना बटण दाबलें गेलें तर ट्रान्स्फॉर्मरची घेर सर्वांत मोठी, आणि शिखरावर असतांना दाबलें तर कपॅसिटरची. बोट कोणत्या क्षणीं पडेल हें कोणाच्याच हातीं नसतें. म्हणून एकच यंत्र अनेकदां निमूटपणें सुरू होतें आणि एखादे दिवशीं फ्यूज उडवितें.

उपाय सोपा आहे. विजेच्या वाटेंत समजा ४७ ओहमांचा एक रोध घालावयाचा. मग प्रवाह ७ अँपिअरांच्या वर जाऊंच शकत नाहीं. सेकंदाभरानें कपॅसिटर बहुतांशीं भरले, कीं रिले नांवाचा विद्युच्चुंबकीय खटका त्या रोधाला वळसा घालणारी वाट खुली करतो. मात्र हा खटका बिघडून मिटलाच नाहीं, तर रोध तापून लाल होतो. म्हणून त्याला चिकटून उष्णतेनें तुटणारा फ्यूज हवाच. रोधाऐवजीं थर्मिस्टर वापरणें स्वस्त पडतें. तो थंड असतां प्रवाह अडवितो व तापला कीं वाट देतो. पण यंत्र बंद करून लगेच पुन्हां सुरू केलें, तर हा गडी अजून तापलेलाच असतो, आणि दार सताड उघडें राहतें.

दुसरा पहारेकरी स्पीकरच्या दाराशीं असतो, आणि माझ्या मतें तोच अधिक महत्त्वाचा. व्हॉल्व्हच्या यंत्रांत व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्यें ट्रान्स्फॉर्मर असे, व त्यांतून एकाच दिशेचा प्रवाह पलीकडे जात नसे. १९४७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मला. पुढें ट्रान्झिस्टरच्या यंत्रांतून तो मधला ट्रान्स्फॉर्मर गेला आणि स्पीकर सरळ जोडला जाऊं लागला. आवाज सुधारला, आडोसा मात्र गेला. आतां एक ट्रान्झिस्टर जळून आरपार झाला, तर ५० व्होल्टांचा दाब थेट स्पीकरच्या ६ ओहमांच्या वेटोळ्यावर येतो. प्रवाह ८ अँपिअर, उष्णता ४०० वॉट! गाण्यांत वेटोळें मागेंपुढें हालतें व त्या वाऱ्यानें निवतें. येथें तें एका बाजूला रेटून धरलें जातें, म्हणून निवणेंहि बंद. कांहीं सेकंदांत तें करपतें, आणि क्वचित् स्पीकरचा कागदी पडदाहि पेट घेतो.

हा प्रवाह ओळखावयाचा कसा? संगीताचा प्रवाह दोन्ही दिशांना सारखाच जातो, तेव्हां त्याची सरासरी शून्य येते. एक रोध आणि एक कपॅसिटर यांची जोडी ही सरासरी काढीत असते. ती शून्यापासून ढळली कीं रिले स्पीकरला तोडतो. सरासरीचा काळ फार थोडा ठेवला तर पखवाजाच्या खोल थापेलाच पहारेकरी दचकतो; फार ठेवला तर तो जागा होईपर्यंत स्पीकर गेलेला असतो. आरंभीं यंत्रांतील दाब स्थिरावेपर्यंत स्पीकरला दूर ठेवणारा, आणि शेवटीं ‘टक्’ करणारा, तोहि हाच.

परंतु या पहारेकऱ्याचीहि परीक्षा घ्यावी लागते. घरांतील वीज सेकंदाला १०० वेळां शून्यावर येते, म्हणून खटका उघडतांना पेटलेली ठिणगी आपोआप विझते. एकाच दिशेच्या प्रवाहाला असा विसांवा नाहीं; उघडलेल्या टोंकांमध्यें ज्योत जळत राहते. २५० व्होल्ट असें अभिमानानें छापलेल्या रिलेवर एकदिशा प्रवाहासाठीं बहुधा ३० व्होल्टच लिहिलेले असतात! म्हणून जाणते कारागीर उघडलेल्या खटक्याचें स्पीकरकडील टोंक लगेच भूमीच्या तारेला टेकेल अशी योजना करतात. मग ज्योतीचा प्रवाह स्पीकरला चुकवून तेथें जातो आणि फ्यूज वितळतो. अलीकडे खटक्याच्या जागीं मॉस्फेट नांवाच्या ट्रान्झिस्टरांची जोडीहि घालतात. तिच्यांत टोंकेंच नसल्यामुळें ठिणगी नाहीं.

वर्षांनुवर्षें वापरून रिलेचीं टोंकें काळवंडतात व एका बाजूचा आवाज क्षीण होतो. अशा वेळीं कांहीं दुरुस्तीवाले रिलेवरून एक तार डाखून मोकळे होतात. आवाज परत येतो, पहारा उठतो. नवा रिले चांगल्या स्पीकरच्या मानानें फारच स्वस्त असतो. तोच बसवून घ्यावा. दुरुस्तीहून आलेल्या यंत्रांत गाणें ‘टक्’ होण्याच्या आधींच सुरू झालें, तर पेटी उघडून ती तार काढावयास सांगा. उलट, ‘टक्’ मुळींच झालें नाहीं, तर बटण पुनःपुन्हां दाबूं नका. स्पीकरच्या तारा सोडवा आणि यंत्र जाणत्याकडे न्या.