आंत्रपुच्छातील अनपेक्षित अर्बुद

पोटाच्या उजव्या बाजूस, खालच्या भागात कळा येऊ लागतात, ताप भरतो आणि शस्त्रवैद्य सुजलेले आंत्रपुच्छ काढून टाकतात. थोड्याच दिवसांत रोगी घरी जातो व दुखणे संपले असे समजतो. परंतु काढलेला अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. आणि अशा सुमारे शंभर नमुन्यांपैकी एखाद्यात अर्बुद, म्हणजे गाठ, आढळते. मग प्रश्न उभा राहतो : पोट पुन्हा उघडावे काय?

याचे उत्तर गाठीच्या जातीवर व आकारावर अवलंबून असते. एका जातीस जर्मन विकृतिशास्त्रज्ञ ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ साली ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखी, असे नाव दिले. ती बहुधा आंत्रपुच्छाच्या टोकाशी असते. एक सेंटिमीटरहून लहान गाठ समूळ निघाली असल्यास सामान्यतः दुसरी शस्त्रक्रिया लागत नाही. दोन सेंटिमीटरहून मोठी असल्यास बृहदंत्राचा उजवा भाग लगतच्या लसीका ग्रंथींसह काढण्याचा सल्ला देतात. या दोहोंमधील आकाराविषयी दीर्घकाळ मतभेद होते. युरोपातील २७८ रोग्यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. केवळ आंत्रपुच्छ काढलेले रोगी मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांइतकेच जगले, असे त्यात दिसून आले.

दुसऱ्या जातीत आंत्रपुच्छ बुळबुळीत श्लेष्म्याने फुगते. ते फुटल्यास श्लेष्म्याबरोबर अर्बुदाच्या पेशी उदरपोकळीत पसरतात व पुढे पोट त्या द्रवाने भरून जाऊ शकते. म्हणून असे आंत्रपुच्छ दिसताच ते न फोडता अखंड काढणे आणि उदरपोकळी नीट न्याहाळणे हे शस्त्रवैद्याचे पहिले कर्तव्य होय. गाठीची जात निश्चित होण्यापूर्वी घाईने बृहदंत्र कापणे इष्ट नव्हे. गाठ सौम्य असून कापलेली कड निर्दोष असल्यास तेवढ्यावर भागते; ग्रंथिल कर्करोग निघाल्यास मात्र बहुधा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

तात्पर्य, जखम भरली म्हणजे उपचार पुरा झाला, असे नव्हे. तपासणीचा अहवाल रुग्णालयातून मागून घ्यावा आणि तो वैद्यास दाखवावा. पुढील मार्ग त्या कागदावरच ठरतो.