खिन्नतेचा हंगाम: समज आणि वस्तुस्थिती

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ सालच्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे महाराष्ट्राला ठाऊक झाले; परंतु त्या मुलखातील माणसांच्या मनावर ऋतूबरोबर जे मळभ दाटते, त्याची विचारपूस क्वचितच होते.

ऋतुजन्य नैराश्य ही थंड देशांची व्याधी, हा समज अगदीच निराधार नाही. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे वर्णन केले, ते हिवाळ्यातील अपुऱ्या प्रकाशाच्या संदर्भात, आणि जालन्यात सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. तथापि झोप व भूक उडवणारा उन्हाळी प्रकारही पुढे नोंदला गेला. शिवाय मराठवाड्यात ऋतू म्हणजे केवळ प्रकाश नव्हे. मृगातली पेरणी, श्रावणातली उघडीप, दिवाळीच्या सुमारास कापसाचा पडलेला भाव आणि त्यामागोमाग सावकाराचा तगादा, हे सारे त्यात आले. अशा दरसालच्या विवंचनेने मन खचत असेल, तर वैद्यकशास्त्र त्यास ‘ऋतुजन्य’ हे विशेषण लावत नाही. पण विशेषण गेले म्हणून नैराश्य जात नाही आणि उपचाराची निकडही कमी होत नाही, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

‘पाऊस झाला की आपोआप सुधरेल’ म्हणून वाट पाहणे घातक ठरू शकते. ‘करमत नाही’, ‘अंग गळून गेलंय’ अशी तक्रार, कामातला उडालेला रस आणि बिघडलेली झोप बहुतेक दिवस दोन आठवडे टिकली, तर डॉक्टरांकडे जावे. नैराश्यावरील औषधांचे व्यसन लागत नाही. मात्र गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि ती मनानेच एकाएकी बंद करू नयेत.

हिवाळी प्रकारात सकाळी अर्धा तास दहा हजार लक्स प्रकाशाचा उपचार करतात. पत्र्याच्या खोलीतला दिवा जेमतेम शंभर-दोनशे लक्स देतो. ढगाळ सकाळीही बांधावर त्याच्या कितीतरी पट उजेड असतो, म्हणून तिथवरची फेरी चुकवू नये.

खचलेल्या माणसाला आत्महत्येविषयी विचारले की तो विचार त्याच्या मनात भरतो, ही भीती निराधार आहे. घरच्यांनी स्पष्ट विचारावे, त्या माणसाला एकटे सोडू नये, कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवावेत आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावावा. तो विनामूल्य असून रात्रीअपरात्रीही चालू असतो.